कॅन्सर डोळ्यात पसरलाय? योजनेचा अर्ज कुठे करायचा, कोण पात्र, कागद कोणते

स्तनाच्या कॅन्सरची केमो संपून वर्ष झालेलं असतं आणि एके दिवशी दाराची सरळ चौकट वाकडी दिसायला लागते. कधी डोळ्यासमोर सावली, कधी वीज चमकल्यासारखं. नेत्रतज्ज्ञ थेंब टाकून बाहुली मोठी करतात, पडदा तपासतात, सोनोग्राफी काढतात आणि सांगतात की मूळ आजार डोळ्यात उतरलाय. बायकांमध्ये तो बहुतेकदा स्तनातून येतो, पुरुषांमध्ये फुप्फुसातून.

घरचे मग डोळ्यांच्या हॉस्पिटलात अर्जाची चौकशी सुरू करतात आणि तिथेच आठवडा जातो. उपचार असतात मूळ कॅन्सरचे: केमो, हार्मोनच्या किंवा टार्गेटेड (नेमक्या कॅन्सरच्या पेशींवर काम करणाऱ्या) गोळ्या, आणि नजर जायची भीती असेल तर डोळ्यावर रेडिएशन. ही सगळी कामं कॅन्सर विभागाची. त्यामुळे अर्जही कॅन्सर विभाग असलेल्या हॉस्पिटलातूनच होतो. नेत्रतज्ज्ञांकडून घ्यायचं ते निदान आणि एक नीट लिहिलेलं पत्र.

पहिला दरवाजा महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचा. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशन कार्ड चालतं. कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्ण सत्तर किंवा त्याहून जास्त वयाचा असेल तर उत्पन्न न बघता केंद्राच्या आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर निघतं, तेही काढून ठेवा. हॉस्पिटल योजनेत आहे एवढं कळून भागत नाही. कॅन्सरची केमो आणि रेडिएशन दोन्ही तिथे योजनेतून होतात का, हे योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर विचारून मगच गाडीत बसा.

हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, टेबल असतो. नोंदणी तो करतो, पूर्वमंजुरीचा प्रस्ताव हॉस्पिटल ऑनलाइन पाठवतं. तुम्ही द्यायचं ते रेशन कार्ड, रुग्णाचं आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र आणि आजाराचे रिपोर्ट. ऐकायला सोपं आहे. अडतं ते नावांवर. आधारवर सासरचं नाव, जुन्या बायोप्सीवर माहेरचं, आणि रेशन कार्डावर सुनेचं नाव चढवलेलंच नाही, असं घरोघरी सापडेल. ही दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत होते. रिपोर्टची वाट बघता बघता हे काम उरकून घ्या.

रिपोर्टमध्ये सगळ्यात मोलाचा कागद मूळ कॅन्सरच्या बायोप्सीचा. डोळ्यातल्या गाठीचा तुकडा सहसा काढत नाहीत, कारण त्यात डोळ्यालाच धोका. म्हणून कुणी ‘डोळ्याची बायोप्सी कुठाय?’ असं विचारलं तर गोंधळू नका. मूळ बायोप्सी, पडद्याचे फोटो, डोळ्याची सोनोग्राफी, ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन), मेंदूचा एमआरआय आणि डॉक्टरांचं पत्र एकत्र लावा. पत्रात मूळ कॅन्सर कोणता, कधीचा आणि कुठल्या डोळ्यात पसरला हे हवं. नेत्रतज्ज्ञ ओडी लिहितात तो उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. सगळ्या कागदांवर एकच डोळा आहे ना, हे दोनदा बघा.

परळच्या टाटा मेमोरियलला दाखवायचं तर बायोप्सीच्या तुकड्याच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही हवेत. ते जिथे बायोप्सी झाली त्या लॅबमध्ये असतात, मागितले की मिळतात. नुसता छापील रिपोर्ट घेऊन गावाहून आलेले लोक स्लाइडसाठी परत जाताना दिसतात, फार वाईट वाटतं.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधी. त्यासाठी तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्न दाखला लागतो, मर्यादा 1 लाख 60 हजार. सोबत हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेलं), आधार, रेशन कार्ड आणि रिपोर्ट. पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात आणि झालेला खर्च मागाहून परत मिळत नाही. म्हणजे बिल भरायच्या आधीच अर्ज गेला पाहिजे. धर्मादाय हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून असतात, तिथेही हाच दाखला कामाला येतो. दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा.

रेडिएशन साधारण दोन ते चार आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मास्क बनवतात, तो घालून रोज काही मिनिटं पडून राहायचं. वेळ कमी, पण राहायची सोय हवी. टाटाच्या रुग्णांसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. त्याबद्दल हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा. तिथूनच रेल्वे सवलतीच्या फॉर्मचीही माहिती घ्या, त्यावर डॉक्टरांची सही-शिक्का लागतो. उपचारासाठी जाता-येता रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के.

एका डोळ्याची नजर गेलीच तर लोक लगेच अपंगत्वाच्या दाखल्यामागे लावतात. दुसरा डोळा चांगला असेल तर टक्केवारी 30 लागते, आणि बहुतेक सवलती 40 पासून सुरू होतात. त्या रांगेत उभं राहायच्या आधी दुसऱ्या डोळ्याची तपासणी करून घ्या, कारण हा आजार कधी कधी दोन्हीकडे सापडतो.