केक जमतो, मैदा दूर ठेवणं अवघड

लग्नाचा केक कापला की पहिला घास नवरा-नवरी एकमेकांना भरवतात. वसईतल्या आणि गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत ही रीत जुनी आहे, आणि आता पुण्या-मुंबईच्या रिसेप्शनमध्येही ती सर्रास दिसते. त्या दोघांपैकी एकाला सिलिअ‍ॅक आजार असेल, तर तो घास मैद्याचा असून चालत नाही. ‘आजच्या दिवस खा गं, एका घासाने काय होतंय?’ असं प्रेमाने म्हणणारी मावशी किंवा आत्या प्रत्येक घरात असते. म्हणून त्या एका घासाने काय होतं, हे आधी सांगायला हवं.

गव्हातल्या ग्लुटेनमध्ये ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन गटांतली प्रथिनं असतात. ग्लायाडिनमध्ये प्रोलीन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं इतकी दाटीने बसलेली असतात, की आपल्या पाचकरसांना त्याचे पूर्ण तुकडे करता येत नाहीत. हे सगळ्यांच्याच पोटात होतं आणि बहुतेकांचं त्यामुळे काही बिघडत नाही. पण ज्यांच्या पेशींवर एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे रेणू असतात, त्यांच्यापैकी काहींना हे अर्धवट तुकडे महागात पडतात. ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं शरीराचंच एक विकर (एन्झाइम) त्या तुकड्यांत किंचित बदल करतं. बदललेला तुकडा त्या डीक्यू रेणूत घट्ट बसतो आणि प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते. मार बसतो तो लहान आतड्याच्या अस्तराला. अन्नरस शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात, आणि मग लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. कुणाला जुलाब होतात, कुणाचं हिमोग्लोबिन काही केल्या वाढत नाही, तर कुणाला वरवर काहीच जाणवत नाही. त्यामुळे ‘खाल्लं, पण त्रास नाही झाला’ हा पुरावा धरता येत नाही. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो, आणि उत्तर भारतातल्या पाहणीतही प्रमाण जवळपास तेवढंच निघालं.

दोष गव्हाचा आहे हे कळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. विलेम डिके हे नेदरलँड्समधल्या हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ. त्यांना गव्हाचा संशय युद्धाआधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्याच काळात सिलिअ‍ॅक असलेली मुलं सुधारताना दिसली. पाव परतल्यावर ती पुन्हा आजारी पडू लागली. डिके यांनी आहाराचे काटेकोर प्रयोग करून १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केला. उपचार आजही तोच आहे: गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) आयुष्यभर बंद.

आता केककडे वळू. इथे बातमी चांगली आहे.

पावाला ग्लुटेन हवंच. मळलेल्या कणकेत त्याची लवचीक जाळी तयार होते आणि यीस्टचा वायू त्या जाळीत अडकतो. केकमध्ये मात्र बेकर स्वतःच ग्लुटेनला आवर घालत असतो. तो कमी प्रथिनांचा मैदा निवडतो, लोणी आणि साखर भरपूर घालतो, मैदा मिसळल्यावर फार फेटू नका म्हणून बजावतो. केकचा सांगाडा मुख्यतः दोन गोष्टींवर उभा राहतो: भट्टीत घट्ट होणारी अंड्यातली प्रथिनं आणि पाणी पिऊन फुगणारं पिष्ट, म्हणजे स्टार्च. हे दोन्ही गव्हाशिवाय मिळतं. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातला ‘तार्ता दे सांतियागो’ हा केक बदामाची पूड, अंडी आणि साखर एवढ्यावरच होतो.

तरीही मैदा काढून तेवढंच तांदळाचं पीठ घातलं तर केक कचकचीत होतो, नाहीतर मधोमध खचतो. कचकच येते ती जाडसर दळणामुळे. यावर उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. मोदकासाठी आपण तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून पिठी करतो. ओलसर दाणा जात्याखाली सहज फुटतो, पीठ तलम येतं आणि पिष्टाच्या कणांची मोडतोड कमी होते. अशी पिठी केकलाही उत्तम. तिच्यात बदामाची किंवा काजूची पूड आणि थोडं साबुदाण्याचं किंवा मक्याचं पिष्ट मिसळावं. एकच पीठ वापरण्यापेक्षा असं मिश्रण नेहमी सरस ठरतं. नाचणी चॉकलेट केकमध्ये शोभते, पांढऱ्या केकमध्ये तिचा रंग आणि चव वर येते.

केक खचतो, कारण वायू निसटून जाण्याआधी सांगाडा बसलेला नसतो. साखरेमुळे पिष्ट फुगायला आणि अंडं घट्ट व्हायला जास्त उष्णता लागते, तोवर पातळ मिश्रणातले बुडबुडे फुटतात. मिश्रणाला घट्टपणा आणण्यासाठी झँथन गम वापरतात. झँथोमोनस नावाचा जिवाणू साखरेवर वाढताना हा चिकट पदार्थ तयार करतो. कपभर पिठाला पाव चमचा पुरतो, जास्त झाला तर केक चिवट लागतो. गवारीच्या बियांचा गम किंवा इसबगोलही चालतं. भाकरीसाठी गरम पाणी घालून किंवा उकड काढून ज्वारीचं पीठ आपण मळतो, तेव्हा हेच काम फुगलेलं पिष्ट करतं. ग्लुटेन नसलेलं पीठ कसं बांधायचं, हे ज्ञान भाकरी थापणाऱ्या प्रत्येक हाताकडे आधीपासून आहे. आणखी एक काम करावं: मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावं. तांदळाचं पीठ पाणी सावकाश पितं.

खरी अडचण येते ती एगलेसची. आपल्याकडे लग्नाचा केक बऱ्याचदा बिनअंड्याचा मागवतात. ग्लुटेन आधीच काढलेलं, त्यात अंडंही गेलं, की सांगाड्याला आधार उरतो तो पिष्टाचा आणि गमचा. दही, कन्डेन्स्ड मिल्क आणि इसबगोल यांच्या साहाय्याने केक होतो, पण उंच वडी नीट बसत नाही. घरच्यांची हरकत नसेल तर अंडी घालावीतच, असं माझं मत आहे. ते शक्य नसेल, तर पातळ थर वेगवेगळे भाजून क्रीम लावून एकावर एक रचावेत. पातळ थर मध्यापर्यंत लवकर शिजतो, खचायला त्याला वेळच मिळत नाही.

तीन मजली केकचा भार या नाजूक केकला पेलेल का, ही भीती मात्र सोडून द्यावी. प्रत्येक मजल्याखाली पुठ्ठा असतो आणि खालच्या केकमध्ये खोचलेल्या काड्या तो पुठ्ठा तोलून धरतात. वरच्या मजल्याचं वजन काड्यांवर जातं. केकला फक्त स्वतःचं आणि आयसिंगचं वजन सांभाळायचं असतं.

हा केक शिळाही लवकर होतो, कारण थंड झालेलं पिष्ट पुन्हा कडक होत जातं, आणि फ्रिजच्या थंडाव्यात ते सर्वांत झपाट्याने होतं. आधी भाजायचा असेल तर गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये ठेवावा, आणि सजवण्याआधी थरांवर साखरेचा पाक शिंपडावा.

इतकं सगळं जमलं तरी काम अर्धंच झालं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार आणि आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमानुसारही ‘ग्लुटेन-फ्री’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. आता हिशोब करू. मैद्यात साधारण १० टक्के प्रथिनं, आणि त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास ग्लुटेन. म्हणजे १ ग्रॅम मैद्यात सुमारे ८० मिलिग्रॅम. चार किलोच्या केकची मर्यादाही ८० मिलिग्रॅमच. अर्धा छोटा चमचासुद्धा न भरणाऱ्या मैद्याने चार किलोचा केक काठावर येतो. शिवाय तो मैदा सगळीकडे सारखा पसरत नाही. केकपात्राला लावलेला चिमूटभर मैदा एकाच कडेला, एकाच तुकड्यात येऊ शकतो. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तर आतड्याला इजा होते, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात दिसलं होतं. भट्टीच्या आचेने ग्लुटेन नाहीसं होत नाही, हेही इथेच सांगून ठेवते.

हा चिमूटभर मैदा येतो कुठून? पहिला संशय गिरणीवर घ्यावा. ज्या जात्यावर आधी गहू दळला, त्याच जात्यावरून आपली तांदळाची पिठी येते. म्हणून सिलिअ‍ॅकसाठी पीठ गिरणीतून आणू नये. ग्लुटेन-फ्री छापलेलं पाकीट घ्यावं, किंवा निवडलेले तांदूळ घरच्या स्वच्छ मिक्सरमध्ये दळून मैद्याच्या चाळणीऐवजी नव्या चाळणीने चाळावेत. दुसरा संशय बेकरीवर. जिथे दिवसभर मैदा चाळला जातो, तिथल्या हवेत त्याची धूळ तरंगत असते. बेकर कितीही मनापासून म्हणाला, तरी त्या खोलीत हा केक सुरक्षित होत नाही. तिसरा धोका समजुतींचा आहे. ‘मैदा नाही, रवा आहे’ असं ऐकलं की लोक निर्धास्त होतात, पण रवा गव्हाचाच. गोव्याची नारळ-रव्याची बातिका म्हणूनच बाद. खपली गहूही गहूच. ‘मल्टिग्रेन’ आणि ‘नाचणी केक’ यांत बहुधा गहू मिसळलेला असतो, आणि साध्या ओट्समध्ये शेतापासूनच गव्हाचे दाणे आलेले असू शकतात.

बरीच मंडळी एक तडजोड सुचवतात: वरचा मजला ग्लुटेन-फ्री, खालचे नेहमीचे. ती स्वीकारू नये. रचताना कण उडतात, आणि सुरी वरून खाली जाते तशीच पुढच्या तुकड्यासाठी वर येते. शक्य असेल तर सगळाच केक ग्लुटेन-फ्री करावा. चांगला झाला तर पाहुण्यांना फरक कळतही नाही. ते परवडत नसेल तर छोटा वेगळा केक करावा, तो आपल्या झाकणाच्या डब्यात, आपल्या सुरीसह यावा, आणि मोठ्या केकला हात लावायच्या आधी कापावा. डबा केटररच्या हाती न देता घरातल्याच एका जाणत्या माणसाकडे सोपवावा, आणि नवरीला वाढायचं कामही त्यानेच करावं.