कवळी पाण्यात, गाइड कोरडं

आजीची कवळी रात्री पाण्याच्या वाटीत असायची. कोरडी राहिली की वाकते, असं डॉक्टरांनी बजावलेलं. १९३७च्या सुमारास दातांच्या कामात शिरलेल्या ॲक्रिलिकचा हा स्वभाव. इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू; त्यासाठी ड्रिलला वाट दाखवणारी सुरुवातीची गाइडंही बरीचशी याच ॲक्रिलिकची होती. जबड्याचं प्लास्टर मॉडेल काढायचं आणि त्यावर हाताने गाइड घडवायचं. हाडाच्या आतलं मात्र बरंचसं अंदाजावर. हे काम दवाखान्याजवळच्या लॅबमध्येही होण्यासारखं होतं. आज बनवा, उद्या वापरा.

स्वीडनचे संशोधक ब्रोनमार्क यांनी पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले ते १९६५मध्ये. द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करण्याच्या तंत्राचं, म्हणजे एका प्रकारच्या थ्रीडी छपाईचं, पेटंट चक हल यांना १९८६मध्ये मिळालं, आणि नव्वदच्या दशकाअखेरीस दातांसाठीचं सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या हाडाचं त्रिमितीय चित्र देणारं एक्स-रे स्कॅन, आलं. तिन्हींची गाठ संगणकात पडली. आता स्कॅन जळगावात, छपाई पुण्या-मुंबईकडे आणि गाइड कुरिअरने, असंही होतं. बनवणं आणि वापरणं यांत दिवस पडू लागले. साठवणुकीचा प्रश्न खरा तिथून सुरू होतो.

छापलेलं गाइड अल्कोहोलने धुऊन प्रकाशाच्या पेटीत पक्कं करतात, तरी आत थोडं पूर्ण घट्ट न झालेलं रेझिन आणि ताण उरतोच. उजेडात ते पुढेही घट्ट होत राहतं, ओल शोषून फुगतं, उष्णतेने मऊ पडतं. किती, ते रेझिनवर अवलंबून. कवळीच्या सवयीने कुणी ते पाण्याच्या डबीत ठेवलं, तर काळजीपोटीच नुकसान व्हायचं.

आणि चूक करायला जागा फार नाही. २०१८च्या एका एकत्रित आढाव्यात गाइड वापरूनही ठरवलेल्या जागेपासून इम्प्लांटच्या तोंडाशी सरासरी १.२ मिमी, टोकाशी १.४ मिमी आणि कोनात ३.५ अंशांचा फरक दिसला. खालच्या जबड्यातल्या नसेपासून राखायचं अंतर साधारण २ मिमी. वरून गाइड किंचित वाकलं, तर टोकाशी ती चूक वाढूनच पोहोचते.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या घरात असतो. पार्सल दुपारभर स्कूटरच्या डिकीत राहिलं तर काय होईल, हे प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या गावाला वेगळं सांगायला नको. म्हणून गाइड अंधाऱ्या, कोरड्या, गार जागी ठेवायचं. भूल देण्याआधी दातांवर बसवून त्यात ठेवलेल्या छोट्या खिडक्यांतून दात आणि गाइड यांच्यात फट दिसते का ते पाहायचं. लग्नसराईपायी रुग्णाने तारीख महिनाभर पुढे ढकलली, तर जुनं गाइड बाजूला ठेवून नवं छापून घ्यावं. फाइल लॅबकडे असतेच.