लास व्हेगसची निऑन रोषणाई

लास व्हेगसची निऑन रोषणाई : अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातील लास व्हेगस येथे १९३० च्या दशकापासून बहरलेली, कॅसिनोंच्या भव्य प्रकाशफलकांची परंपरा. या शहराचा इतिहास इमारतींपेक्षा फलकांतून अधिक नीट वाचता येतो, कारण इमारती पाडल्या गेल्या आणि फलक पुष्कळदा उरले.

निऑन वायूचा शोध विल्यम रॅमझी व मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये लंडनमध्ये लावला. फ्रेंच अभियंता जॉर्ज क्लोद याने १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनचे दिवे लावून दाखवले. फलकाचे अक्षर वळवणे हे आजही हाताचेच काम आहे. काचेची नळी ज्योतीवर मऊ करतात, ती वळणावर चपटी होऊ नये म्हणून रबरी नळीतून हलकी फुंकर देत राहतात आणि पूर्ण आकाराच्या आराखड्याबरहुकूम तिला आकार देतात. मग टोकांना इलेक्ट्रोड बसवून हवा उपसतात, वायू भरतात आणि नळी बंद करतात. हजारो व्होल्टचा दाब दिला की निऑन तांबूस-केशरी उजळतो. निळ्यासाठी आर्गॉन व थोडा पारा लागतो. बाकीचे रंग रंगीत काचेतून किंवा नळीच्या आतल्या लेपातून मिळतात.

लास व्हेगस हे १९०५ च्या भूखंड-लिलावातून वाळवंटात वसलेले रेल्वेचे गाव. १९३१ मध्ये नेव्हाडाने जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. धरणाने गावाला आधी खिशात पगार असलेले मजूर दिले आणि नंतर वीज दिली. फ्रीमॉन्ट रस्त्यावर जुगारघरे खांद्याला खांदा लावून उभी होती. गिऱ्हाईक आत यायचे ते दारावरचा झगमगाट पाहून. १९५१ मध्ये पायोनियर क्लबवर ‘व्हेगस व्हिक’ हा हात हलवणारा, सुमारे ४० फूट उंचीचा निऑनचा काउबॉय उभा राहिला.

शहराच्या हद्दीबाहेर लॉस एंजेलिसच्या महामार्गावर १९४१ मध्ये ‘एल रँचो व्हेगस’ हे कॅसिनो-हॉटेल सुरू झाले आणि पुढे तो पट्टा ‘स्ट्रिप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. इथला वाचक पायी चालणारा नव्हता, भरधाव मोटारीतला होता. त्यामुळे फलक इमारतीपेक्षा मोठे होत गेले. ‘स्टारडस्ट’ या कॅसिनो-हॉटेलच्या (१९५८) दर्शनी भागावर ग्रह-ताऱ्यांनी भरलेला २१६ फूट लांबीचा फलक होता, त्यामागची इमारत साधीच. वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन १९६८ मध्ये येल विद्यापीठाचे विद्यार्थी घेऊन या रस्त्याचा अभ्यास करायला आले, ते योग्यच होते. बरेच फलक कॅसिनोच्या मालकीचे नसत. थॉमस यंग याने १९२० मध्ये युटात स्थापन केलेल्या ‘येस्को’सारख्या कंपन्या ते भाड्याने देत, सांभाळत आणि जुने झाले की आपल्या आवारात नेऊन ठेवत.

कॅसिनोच्या आतल्या रंगमंचाचे गणितही फलकासारखेच होते : कार्यक्रमातून नफा झाला नाही तरी चाले, माणूस जुगाराच्या टेबलापर्यंत पोहोचला पाहिजे. १९५५ मध्ये ‘रिव्हिएरा’ने पियानोवादक लिबराची याला आठवड्याला ५०,००० डॉलर दिले. ‘स्टारडस्ट’ने पॅरिसहून पिसाऱ्यांच्या पोशाखांतला ‘लिडो’ हा नृत्याचा कार्यक्रम आणला. एल्व्हिस प्रेस्ली १९६९ पासून ‘इंटरनॅशनल’मध्ये गाऊ लागला.

या झगमगाटाचा सर्वांत लाजिरवाणा भाग मात्र विसरता येत नाही. सॅमी डेव्हिस ज्युनियर, नॅट किंग कोल या गायकांची नावे फलकांवर उजळत, पण कृष्णवर्णीय असल्याने अनेक हॉटेलांत त्यांना खोली मिळत नसे; कार्यक्रम संपला की त्यांना वेस्टसाइड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मुक्कामाला जावे लागे. मे १९५५ मध्ये उघडलेले ‘मुलाँ रूझ’ हे सर्व वर्णांच्या लोकांना प्रवेश देणारे इथले पहिले मोठे कॅसिनो-हॉटेल. ते त्याच वर्षी बंद पडले. स्ट्रिपवरील वर्णभेद संपवण्याचा समझोता मार्च १९६० मध्ये याच बंद वास्तूत झाला.

‘मुलाँ रूझ’ची डौलदार अक्षरे बेटी विलिस यांनी रेखाटली होती. ‘वेलकम टू फॅब्युलस लास व्हेगस’ हा १९५९ चा जगप्रसिद्ध फलकही त्यांचाच. त्यातल्या ‘वेलकम’ची सात अक्षरे चांदीच्या डॉलरसारख्या सात पांढऱ्या चकत्यांवर आहेत. विलिस यांनी या आराखड्याचे हक्क स्वतःकडे राखले नाहीत, म्हणूनच तो कपांवर, टोप्यांवर सर्वत्र दिसतो.

१९८९ मध्ये ‘मिराज’ या कॅसिनो-हॉटेलने दारात कृत्रिम ज्वालामुखी उभारला आणि आकर्षणाची रीत पालटली. पुढे एलईडी पडद्यांनी निऑनची जागा घेतली; २०२३ मध्ये उघडलेल्या ‘स्फिअर’ या गोलाकार प्रेक्षागृहाचे सबंध बाह्यांग म्हणजे असा पडदाच आहे. ‘स्टारडस्ट’ २००७ मध्ये सुरुंग लावून पाडले गेले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या निऑन संग्रहालयाने मात्र टाकून दिलेले फलक गोळा केले. त्याचे प्रवेशदालन म्हणजे कृष्णवर्णीय वास्तुविशारद पॉल विल्यम्स यांनी आखलेल्या ‘ला कोंचा’ मोटेलचा वाचवून आणलेला भाग. ‘स्टारडस्ट’ आणि ‘मुलाँ रूझ’ या दोन्हींचे फलक तिथे पाहायला मिळतात. संग्रहातले थोडेच फलक पुन्हा उजळले आहेत. उरलेल्यांवर जमिनीवरून प्रकाश टाकतात, कारण एकेक फलक पेटता करायचा तर त्याच्या नळ्या नव्याने वळवाव्या लागतात.