कझाकस्तानची पार्श्वभूमी: १९३० ते ३३ वगळून हा देश कळत नाही

कझाकस्तानबद्दल आपल्याकडे जे कानावर येतं ते म्हणजे तेल, युरेनियम, बैकोनूरचं अवकाश केंद्र आणि हल्ली तिकडे मेडिकलला गेलेली मुलं, बस. पण थोडं वाचायला लागलं की प्रश्न पडतात. अल्माटीसारखं डोंगराच्या कुशीतलं चांगलं शहर सोडून राजधानी उत्तरेला, हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जातो अशा ठिकाणी का नेली? शंभर वर्षांत लिपी दोनदा बदलून झाली आणि आता तिसऱ्यांदा बदलायचं का चाललंय? रशियाशी बोलताना एवढं जपून का? याची उत्तरं शोधायला बरेच जण सरळ चंगीझ खानापर्यंत मागे जातात. खानांचा इतिहास माहीत हवाच, पण माझ्या मते या देशाची खरी किल्ली १९३० ते ३३ या तीन-चार वर्षांत आहे आणि नेमकी तीच वर्षं सगळ्यात कमी सांगितली जातात.

आधी जमीन समजून घेऊ. सुमारे २७ लाख चौरस किलोमीटरचा हा देश, समुद्रकिनारा नसलेला जगातला सगळ्यात मोठा. कॅस्पियन आहे पण तो चहूबाजूंनी बंद. मधला बराचसा पट्टा म्हणजे नजर पोचेल तिथपर्यंत गवत, ज्याला स्टेप म्हणतात, आणि पाऊस इतका बेभरवशाचा की शेतीवर सगळं पोट टाकणं म्हणजे जुगार. म्हणून इथली माणसं हजारो वर्षं जनावरांमागे फिरली. उन्हाळ्यात उत्तरेला किंवा डोंगरावर, हिवाळ्यात दक्षिणेला किंवा नदीकाठच्या आडोशाला. आपल्याकडचे धनगर दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणात उतरतात तसंच हे, फक्त अंतर कधीकधी शेकडो किलोमीटर. यात कुठेही मनमानी भटकणं नाही, कोणत्या कुळाने कोणत्या वाटेने जायचं, कुठल्या विहिरीवर थांबायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. हिवाळ्यातली चराई तर बघण्यासारखी. बर्फावर आधी घोडे सोडायचे, ते खुरांनी बर्फ उकरून वरचं गवत खातात, मग त्याच उघड्या झालेल्या जागेत मागून मेंढ्या येतात ज्यांना स्वतःला एवढं खोल उकरता येत नाही. पण मध्येच ऊन पडून बर्फ वितळला आणि पुन्हा गोठून वर काचेसारखा कडक थर बसला की घोड्यालाही तो फुटत नाही आणि एका आठवड्यात कळपच्या कळप मरतो. याला ते झुट म्हणतात. झुटपासून वाचायचा उपाय एकच, सामान आवरायचं आणि बर्फ मऊ असेल तिकडे निघायचं. ही निघण्याची मोकळीक म्हणजेच त्यांचा विमा होता, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जुन्या काळात या पट्ट्यात शक टोळ्या होत्या. अल्माटीजवळ इसिकला १९६९ मध्ये त्यांच्या एका थडग्यात सोन्याच्या हजारो तुकड्यांनी मढवलेला पोशाख सापडला, तो आज तिथलं राष्ट्रीय प्रतीक आहे. त्याच व्यापक शक समूहातल्या काही शाखा पुढे भारतात उतरल्या, नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात स्वतःला शक म्हणवतो तो शिलालेख अजून वाचता येतो. मग तुर्क आले, मंगोल आले, चंगीझचा मोठा मुलगा जोची याच्या वाट्याला हा भाग गेला. त्याच वंशातल्या जानिबेक आणि केरेई या दोघांनी अबुल खैर खानाशी फारकत घेऊन आपली माणसं चू नदीच्या बाजूला नेली आणि साधारण १४६५ पासून कझाक खानत, म्हणजे खानाचं राज्य, धरली जाते. लोक तीन झुझमध्ये, म्हणजे तीन मोठ्या संघांमध्ये, वाटलेले. अठराव्या शतकात पूर्वेकडून झुंगार या मंगोल लोकांचे हल्ले सुरू झाले, १७२३ ची पळापळ तर इतकी भीषण की ती लोकगीतांत राहिली. त्या दबावाखाली धाकट्या झुझच्या अबुलखैर खानाने (हा वेगळा अबुलखैर) १७३१ मध्ये रशियाच्या राणीशी निष्ठेची शपथ घेतली. त्याला बहुधा तात्पुरता मित्र हवा होता, पीटर्सबर्गने मात्र तो मालकीचा कागद धरला. १८२० च्या दशकात रशियाने खानपदच रद्द केलं, खानाच्या घराण्यातल्या केनेसारीने १८३७ पासून दहा वर्षं लढा दिला, तो मारला गेला, आणि मागोमाग किल्ले आणि रशियन-युक्रेनी शेतकरी यायला लागले. चांगली कुरणं, पाण्याच्या जागा त्यांच्याकडे गेल्या. १९१६ मध्ये युद्धातल्या मजुरीसाठी सक्तीची भरती काढली तेव्हा उठाव झाला आणि तो चिरडला.

१९१७ नंतर थोडा वेळ खिडकी उघडली होती. अलिखान बुकेइखानोव, अखमेत बायतुर्सिनोव, मिर्झाकिप दुलातोव ही शिकलेली कझाक मंडळी अलाश नावाने एकत्र आली, स्वायत्त सरकार जाहीर केलं. बायतुर्सिनोव तर भाषेचा माणूस, कझाकच्या उच्चारांना बसेल अशी अरबी लिपी त्याने सुधारून दिली होती. १९२० पर्यंत बोल्शेविकांनी ते सरकार संपवलं. बुकेइखानोव आणि बायतुर्सिनोव दोघांनाही १९३७ मध्ये गोळ्या घातल्या, दुलातोव १९३५ मध्ये कैद्यांच्या छावणीत मेला.

आता मूळ मुद्दा. १९२५ मध्ये मॉस्कोने फिलिप गोलोश्च्योकिनला कझाकस्तानचा पक्षप्रमुख करून पाठवलं. १९२८ मध्ये श्रीमंत पशुपालकांची जनावरं जप्त करून त्यांना हद्दपार केलं. त्यानंतर सामूहिक शेती आणि त्याबरोबर भटक्यांना एका जागी बसवण्याची सक्ती. धान्य न पिकवणाऱ्यांनाही सरकारला द्यायच्या धान्याचा कोटा, मग ते भरायला लोक जनावरं विकणार, वर मांसाचा वेगळा कोटा. उरलेले कळप सामूहिक गोठ्यांच्या नावाखाली एका जागी कोंबले जिथे चारा नाही, छप्पर नाही, आणि बर्फ गोठला तर निघून जायची सोय नाही कारण निघणं हाच आता गुन्हा. काहींनी जनावरं सरकारला देण्यापेक्षा कापून खाल्ली. साधारण चार कोटी जनावरं होती ती १९३३ पर्यंत पन्नास लाखांच्याही खाली आली. जिथे दूध, मांस, कपडा, तंबू, प्रवास सगळं जनावरावर, तिथे यानंतर काय उरतं?

या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसं मेली, त्यातले साधारण १३ लाख कझाक, म्हणजे एकूण कझाकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त. युक्रेनमधला त्याच काळातला दुष्काळ जगाला माहीत झाला आणि तो माहीत व्हायलाच हवा, पण लोकसंख्येच्या प्रमाणात बघितलं तर कझाकांइतकं सोव्हिएत संघात कुणाचंच गेलं नाही. लाखो लोक चीन, मंगोलिया, उझबेकिस्तानकडे पळाले, सीमेवर गोळीबारात काही मेले. वर कळवलं नव्हतं असं नाही. तुरार रिस्कुलोव हा मॉस्कोतला मोठा कझाक अधिकारी, त्याने स्टालिनला पत्रं लिहून परिस्थिती मांडली. गोलोश्च्योकिनला १९३३ मध्ये हलवलं एवढंच झालं आणि रिस्कुलोवला १९३८ मध्ये मारलं. मग पन्नासेक वर्षं यावर बोलायचीच बंदी. घरात आजी-आजोबा दबक्या आवाजात सांगायचे तेवढंच.

पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. माणसं गेल्यामुळे मॉस्कोच्या नकाशावर ही रिकामी जमीन झाली आणि रिकाम्या जमिनीत जे जे दुसरीकडे नको ते आणून टाकलं. कारागांदा शहराभोवती कैद्यांच्या छावण्या. १९३७ मध्ये कोरियन, १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन, १९४४ मध्ये चेचेन, सगळे रेल्वेच्या डब्यांतून इथे उतरवले, आणि बऱ्याच ठिकाणी उपाशी कझाकांनीच त्यांना पहिली भाकर दिली हे त्या लोकांचे वंशज आजही सांगतात. २९ ऑगस्ट १९४९ ला सेमिपालातिन्स्कमध्ये पहिला सोव्हिएत अणुस्फोट आणि पुढे चाळीस वर्षांत साडेचारशेवर चाचण्या, आसपास गावं असताना. बैकोनूरचं प्रक्षेपण केंद्र, जिथून १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले, तेही याच हिशोबातलं. १९५४ पासून गव्हासाठी उत्तरेचं गवत नांगरलं, त्यासाठी लाखो लोक बाहेरून आणले. १९२६ मध्ये आपल्याच प्रदेशात ५८ टक्क्यांच्या आसपास असलेले कझाक १९५९ मध्ये ३० टक्के राहिले.

म्हणून १६ डिसेंबर १९९१ ला, सोव्हिएत प्रजासत्ताकांमध्ये सगळ्यात शेवटी, यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा तो शेवटचा नंबर मला नवलाचा वाटत नाही. उत्तरेच्या जिल्ह्यांत रशियन बहुसंख्य, पलीकडे साडेसात हजार किलोमीटरची सीमा. १९९७ मध्ये राजधानी उत्तरेला नेली त्यामागे भूकंप वगैरे कारणं दिली गेली, पण उत्तरेचा भाग आपल्या हातात राहावा हा हिशोब अभ्यासकांनी वारंवार मांडलाय आणि मला तो पटतो. जपून बोलण्याला आजचंही कारण आहे, समुद्र नसल्यामुळे निर्यातीचं बहुतेक तेल रशियातून नोवोरोसिस्क बंदरापर्यंतच्या पाइपलाइनने जातं.

३१ मे हा आता दडपशाही आणि दुष्काळात गेलेल्यांचा स्मृतिदिन आहे. १९९१ नंतर बाहेरच्या कझाकांना सरकारने परत बोलावलं, दहा लाखांहून जास्त आले, त्यात १९३० च्या सुमारास पळालेल्यांची नातवंडं-पतवंडंही. जर्मन आणि बरेच रशियन निघून गेले, २०२१ च्या जनगणनेत कझाक ७० टक्क्यांवर होते. पण चीनमधून आलेला कझाक अरबी लिपीत शिकलेला, इथला सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन वळणाच्या लिपीत, कारण १९२९ मध्ये अरबी काढून लॅटिन आणि १९४० मध्ये लॅटिन काढून सिरिलिक लादली गेली. त्यामुळे काका-पुतणे एकमेकांशी बोलू शकतात पण एकमेकांची पत्रं वाचू शकत नाहीत. २०१७ मध्ये पुन्हा लॅटिनकडे जायचं ठरलं, आधी मुदत २०२५ ची होती, नंतर २०३१ वर गेली.