त्रिएस्ते : मनोरुग्णालय बंद झाल्यानंतरची समाजाधारित सेवा

त्रिएस्ते हे ईशान्य इटलीतील बंदर. येथील सान जोव्हान्नी मनोरुग्णालय १९८० मध्ये बंद झाले. तोवर रुग्णांची देखभाल शहरातल्या केंद्रांकडे आली होती. ऑगस्ट १९७१ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बझालिया (१९२४–८०) संचालक झाले, तेव्हा तेथे सुमारे १,२०० रुग्ण होते. त्यांतले कित्येक अनेक वर्षे आत होते.

बझालियांनी आधी हात घातला तो मजुरीच्या प्रश्नाला. झाडलोट, धुणे, स्वयंपाकघरातली कामे रुग्णच करत. त्याला उपचार म्हणत आणि पगार देत नसत. रुग्णांची सहकारी संस्था निघाली आणि त्याच कामाचे रीतसर वेतन मिळू लागले. ज्यांची सक्तीची भरती रद्द झाली पण जायला घर नव्हते, त्यांना ‘पाहुणे’ हा दर्जा मिळाला: जेवण-निवारा तिथेच, येण्याजाण्यावर बंधन नाही. पुढे काही जण मिळून शहरात घर करून राहू लागले. रुग्णालयातून सोडल्याच्या कागदापेक्षा वेतन आणि निवारा या दोन गोष्टींनीच माणसे खरोखर बाहेर आली. फेब्रुवारी १९७३ मध्ये रुग्ण व कलावंतांनी केलेला ‘मार्को काव्हाल्लो’ हा निळ्या घोड्याचा पुतळा मिरवत शहरात नेण्यात आला. कपड्यांची गाडी ओढणाऱ्या रुग्णालयातल्या खऱ्या घोड्याचे नाव त्याला दिले होते.

मनोरुग्णालयाची जागा घेणारी केंद्रे ठरावीक वस्तीपुरती असतात. ती चोवीस तास उघडी, दारांना कुलूप नाही, मोजक्याच खाटा. त्रास वाढला तर माणूस काही रात्री तिथे राहतो, एरवी जेवायला, औषधाला किंवा नुसता गप्पांना येतो; कर्मचारीही घरी जातात.

१३ मे १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने इटलीभर नवी मनोरुग्णालये उभारण्यास बंदी आली. सक्तीच्या उपचारासाठी डॉक्टरांच्या शिफारशीवर महापौराचा आदेश लागू लागला. मात्र अनेक प्रांतांत केंद्रे उभी राहायला फार वेळ लागला आणि तोवर सगळा भार कुटुंबांनी, त्यातही घरच्या बायकांनी, सोसला. त्याबद्दल कायद्याला दोष दिला गेला, पण तो खरे तर या दिरंगाईचा आहे.

भारताच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे (२०१७) कलम १९ याच दिशेचे आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहात वा वृद्धाश्रमात हलवण्याची पद्धत थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाला बजावले.