अभिजात अभिसंधान: जोडीकडून भाकिताकडे

घंटेपाठोपाठ अन्न मिळत राहिले की कुत्र्याला नुसत्या घंटेनेही लाळ सुटू लागते, हा प्रयोग वाचकांना परिचित आहे; एका खुणेवरून पुढच्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला असे शिकणे म्हणजे अभिजात अभिसंधान. तो करणाऱ्या इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञाला 1904 चे नोबेल मिळाले ते पचनावरील कामासाठी, आणि 1927 च्या इंग्रजी भाषांतरानंतर त्याची अभिसंधानाची मांडणी दूरवर पोहोचली, एवढी नोंद पुरे. खरा पेच पडला तो 1960 च्या दशकात.

तोवर दोन उद्दीपके (प्रतिसाद जागवणाऱ्या गोष्टी, जसे घंटा आणि अन्न) वारंवार लागोपाठ आली की त्यांचा संबंध जडतो, असेच सर्रास मानले जाई. मराठवाड्यातल्या गोठ्यात धारेची बादली खणखणताच म्हैस पान्हा सोडते, हे या समजुतीत चपखल बसते. मात्र टंचाईत टँकर आला की त्याच अंगणात दिवसभर बादल्या वाजतात. धारेच्या वेळी बादली नेमाने वाजतेच, पण तिच्या आवाजावरून धारेची वेळ कळेनाशी होते. अशा आवाजाची खूण टिकावी का?

1968 मध्ये उंदरांवर नेमके हेच तपासले गेले. ध्वनी चालू असताना विजेच्या धक्क्याची शक्यता 40 टक्के होती. ध्वनी नसतानाही ती तेवढीच ठेवली, तेव्हा दोन्ही कितीतरी वेळा एकत्र येऊनही ध्वनीची भीती बसली नाही.

वाद पेटला तो तुलनेच्या गटावरून. जुन्या पद्धतीत या गटाला ध्वनी आणि धक्का मुद्दाम वेगवेगळे दिले जात. पण त्यातून प्राणी ‘ध्वनी म्हणजे धक्का नाही’ हे शिकतो, म्हणजे तो गट कोरा उरत नाही. म्हणून दोन्ही उद्दीपके परस्परांशी संबंध न ठेवता, यदृच्छेने द्यावीत, असा प्रस्ताव 1967 मध्ये आला. यदृच्छेतही सुरुवातीला योगायोगाने जोड्या जुळतात आणि थोडे शिक्षण होतेच, हा त्यावरील आक्षेप रास्त होता. तरी खुणेवरून पुढच्या गोष्टीचे भाकीत करता आले तरच शिक्षण टिकते, हा मूळ मुद्दा त्याने ढळला नाही, आणि ‘जोडी लावा, सवय लागेल’ एवढ्यावरच थांबणाऱ्या क्रमिक पुस्तकांना त्या आक्षेपाचा आधार घेता येत नाही.

दोन गोष्टी लगोलग यायलाच हव्यात असेही नाही: चव चाखल्यानंतर बऱ्याच वेळाने मळमळ झाली तरी त्या चवीचा तिटकारा जडतो, हे 1966 मध्येच दिसले होते. अनपेक्षिततेच्या प्रमाणात शिक्षण होते, असे मांडणारे समीकरण 1972 मध्ये आले. विलोपनाने, म्हणजे धक्क्याशिवाय नुसती खूण वारंवार देऊन प्रतिसाद विरवल्याने, जुने शिक्षण पुसले जात नाही, याचे पुरावे त्यानंतर वाढत गेले: एका खोलीत विरलेली भीती दुसऱ्या खोलीत परतते, म्हणूनच भयगंडाच्या उपचारांत आता सराव अनेक ठिकाणी करून घेण्यावर भर दिला जातो.