खालच्या श्रेणीचा डाव

खालच्या श्रेणीचा डाव : संगणकावरील जुन्या फुटबॉल व्यवस्थापन खेळात मँचेस्टर युनायटेडसारखा श्रीमंत क्लब न घेता साखळीच्या तळाचा क्लब घेऊन तो हंगामामागून हंगाम वर चढवण्याचा खेळप्रकार. असा डाव या जातीच्या कुठल्याही खेळात मांडता येतो. पण ‘जुना खेळ पुन्हा काढून खेळणे’ म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ‘चॅम्पियनशिप मॅनेजर : सीझन ०१/०२’ हाच खेळ येतो. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या बंधूंच्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या ब्रिटिश कंपनीने तो तयार केला, आयडॉसने २००१ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आणला आणि २००८ च्या अखेरीस मोफत उपलब्ध करून दिला. पुढील विवेचन याच खेळाचे, आणि त्यातही इंग्लंडच्या साखळीचे आहे.

व्याप्ती : खेळात इंग्लंडच्या पाच पायऱ्या खेळता येतात : प्रीमियर लीग, पहिला, दुसरा व तिसरा विभाग आणि त्यांखाली कॉन्फरन्स. २००४ मध्ये विभागांची नावे बदलली. तेव्हाचा तिसरा विभाग म्हणजे आजची लीग टू. नव्याने खेळणाऱ्याचा पहिला घोटाळा बहुधा येथेच होतो. ‘खालची श्रेणी’ कुठून धरावी याबद्दल एकवाक्यता नाही. सैल व्याख्येत दुसरा विभागही येतो. कडक व्याख्या तिसरा विभाग आणि कॉन्फरन्स यांपुरतीच थांबते. दुसऱ्या विभागातल्या क्लबाला उसने खेळाडू सहज मिळतात आणि बऱ्यापैकी नाव असलेले खेळाडूही यायला तयार होतात, म्हणजे डावाची मूळ अडचणच उरत नाही. त्यामुळे कडक व्याख्या अधिक ग्राह्य वाटते. भारतीय वाचकाला ओळखीचा असलेला बरी हा क्लब मात्र तीत बसत नाही. बायचुंग भुतिया १९९९ ते २००२ या काळात त्या क्लबाचा खेळाडू होता. २००१ मध्ये, म्हणजे डावाच्या आरंभी, बरी दुसऱ्या विभागात होता आणि त्याच हंगामाअखेर तो तिसऱ्यात घसरला.

उगम व कालनिश्चिती : या खेळप्रकाराचा उगम कुठे शोधायचा यावर दोन मते दिसतात. पहिल्या मतानुसार तो ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ मालिकेत, म्हणजे १९९२ नंतर सुरू झाला, कारण मनाजोगता क्लब घेऊन त्याच्याच खऱ्या विभागात डाव मांडण्याची सवय या मालिकेने लावली. दुसरे मत त्याला एक दशक मागे नेते. केव्हिन टॉम्स याचा ‘फुटबॉल मॅनेजर’ हा खेळ सामान्यतः १९८२ चा मानला जातो. क्वचित वर्ष १९८१ दिलेले आढळते. टॉम्सने तो आधी व्हिडिओ जिनी या संगणकावर लिहिला आणि नंतर सिंक्लेअर कंपनीच्या संगणकांवर आणला, या दोन टप्प्यांमुळे हा फरक पडला असावा. त्या खेळात क्लब कोणताही निवडा, सुरुवात चौथ्या विभागातूनच होई. लिव्हरपूल घेतले तरी तळाशीच. बेसिक भाषेतल्या त्या छोट्या प्रोग्रॅममध्ये वर चढणे हेच मुळी खेळाचे कथानक होते.

पहिल्या मताचे समर्थक यावर म्हणतात की टॉम्सच्या खेळातला तळ ही सक्ती होती, निवड नव्हती. आणि निवड नसेल तर त्याला स्वतंत्र खेळप्रकार का म्हणावे? आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे. तरीही घडणीच्या दृष्टीने दुसरे मत जास्त पटते : तळ, तुटपुंजी रक्कम, बढती, पुन्हा तुटपुंजी रक्कम हे चक्र १९८२ मध्येच पूर्ण झालेले होते. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ने त्यात खऱ्या माणसांची भर घातली, तीही लगेच नव्हे. १९९२ च्या पहिल्या आवृत्तीत खेळाडूंची नावे कल्पित होती. खरी नावे ९३/९४ च्या आवृत्तीपासून आली.

०१/०२ हीच आवृत्ती का टिकली, याचे उत्तर मालिकेतल्या तिच्या जागेत आहे. सामना फक्त शब्दांत दाखवणारी ही मालिकेतली अखेरची मोठी आवृत्ती. २००३ च्या चौथ्या आवृत्तीत वरून दिसणारे मैदान आले. पुढे स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह आणि आयडॉस वेगळे झाले आणि स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हचा खेळ २००४ च्या अखेरीस सेगा या कंपनीमार्फत ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने बाजारात आला. शब्दांतला सामना आजच्या संगणकावर झपाट्याने सरकतो, त्यामुळे तळापासून वरपर्यंतचा पंधरा-वीस हंगामांचा प्रवास आवाक्यात राहतो.

डावाची मांडणी : खेळाच्या अधिकृत दुरुस्त्यांपैकी (पॅच) शेवटची ३.९.६८ ही होय. ती डाव सुरू करण्याआधी बसवावी. खेळाडूंची माहिती डाव मांडतानाच त्यात उतरते. नंतर बसवलेली दुरुस्ती चालू डावातल्या खेळाडूंना लागू होत नाही. माहितीसाठ्याचे आकारमान ‘मॅक्सिमम’ ठेवावे. लहान साठा घेतला तर खेळ खालच्या क्लबांतले व कुठल्याच क्लबाशी करार नसलेले मोकळे खेळाडू गाळतो आणि कॉन्फरन्सच्या व्यवस्थापकाचा बाजार नेमका तोच असतो. इंग्लंडबरोबर स्कॉटलंड आणि स्वीडन किंवा डेन्मार्क घेणे सोयीचे, कारण या खेळात युरोपीय संघातल्या खेळाडूला कामाचा परवाना लागत नाही. देशांची निवड आरंभीच पक्की होते. ती मागाहून वाढवता येत नाही.

माहितीचा पडदा : खेळाडूचे गुण १ ते २० या अंकांत दिसतात. त्यांच्यामागे सध्याची कुवत आणि कमाल कुवत असे २०० पैकी मोजलेले दोन आकडे दडलेले असतात. या आवृत्तीत गुण झाकण्याचा पर्याय आला. तो लावला की आपल्या क्लबाबाहेरच्या अनोळखी खेळाडूच्या पानावर बऱ्याच रकान्यांत अंकच दिसत नाहीत. खालच्या श्रेणीच्या डावाचा सगळा कस येथे लागतो. जुना खेळ पुन्हा खेळणाऱ्याला मिन्स्कचा मॅक्सिम त्सिगाल्को, मिलवॉलचा चेर्नो सांबा, फॉल्कर्कचा मार्क केर ही खेळात अफाट ठरणारी नावे तोंडपाठ असतात. ती हुडकून आणली की डाव तिसऱ्या हंगामातच संपल्यात जमा. (टो मादेइरा हा गौव्हेया क्लबाचा भरमसाट गोल करणारा आघाडीपटू तर खऱ्या मैदानावर कुठेच नव्हता, दुरुस्तीत तो काढून टाकला गेला.) अर्थात कॉन्फरन्सचा क्लब घेतला तर खेळच यांतल्या बऱ्याच वाटा बंद करतो. त्सिगाल्को बेलारूसचा, म्हणजे परवाना लागणार आणि तो बहुधा नाकारला जाणार. केरला परवाना नको, पण एवढ्या खालच्या क्लबाचे बोलावणे तो सहसा झिडकारतो.

म्हणून जाणकार खेळाडूंमध्ये काही नियम रूढ झाले आहेत. गुण झाकलेलेच ठेवायचे. खेळातली माहिती पाहण्या-बदलण्याचे संपादकाचे साधन (एडिटर) उघडायचे नाही. सामना हरल्यावर डावाची आधी साठवलेली नोंद उघडून तो पुन्हा खेळायचा नाही. आणि स्काउटने (क्लबासाठी खेळाडू हेरणाऱ्याने) पाहिलेला, बदलीच्या यादीत आलेला किंवा करार संपत आलेला खेळाडूच घ्यायचा. शेवटच्या नियमाला काही जण अपवाद करतात व खेळातली खेळाडू शोधण्याची सोय वापरू देतात. मग पाठ असलेली नावे मागच्या दाराने आत येतात.

एक पान जवळून पाहू. एकोणीस वर्षांचा आघाडीपटू : वेग १६, प्रवेग १५, फिनिशिंग (गोल साधण्याचे कौशल्य) ९, हेडिंग ६, निर्धार १७. वरच्या विभागात त्याला कोणी विचारणार नाही. कॉन्फरन्समध्ये मात्र समोरच्या मधल्या बचावपटूंचा वेग बऱ्याचदा ८-९ च्या घरात असतो, त्यामुळे दोन संधी हुकल्या तरी तिसरी मिळतेच. त्याच्या जोडीला उडी व हेडिंग चांगले असलेला तिशीतला उंच गडी द्यावा. फिनिशिंग १४ पण वेग ७ असा खेळाडू कागदावर सरस दिसतो. प्रत्यक्षात चेंडूपर्यंत पोहोचतच नाही. मध्यफळीत तंत्रापेक्षा दम आणि मेहनत पाहावी.

पैसा : कॉन्फरन्समध्ये २२ संघ, म्हणजे घरच्या मैदानावर साखळीचे २१ सामने, पगार मात्र ५२ आठवडे. क्लब बुडतात ते या तफावतीत. उदाहरणार्थ, आठवड्याचा पगारखर्च ८,००० पौंड धरला तर वर्षाला ४,१६,००० पौंड होतात. तो केवळ तिकिटांतून भागवायचा तर घरच्या प्रत्येक सामन्याला सुमारे १९,८०० पौंड, म्हणजे १० पौंडांच्या तिकिटाने जवळजवळ दोन हजार प्रेक्षक हवेत. एवढे प्रेक्षक नसतील तर पहिल्याच आठवड्यात पगारखर्च खाली आणावा. संघात २२ ते २४ जण पुरेत, त्यांत दोन गोलरक्षक. करार एक-दोन वर्षांचेच ठेवावेत. खेळाडू ‘संघ घसरल्यास ठराविक रकमेत मुक्त’ असे कलम मागतो. ते देऊन पगार कमी करून घेणे फायद्याचे, कारण घसरलेल्या संघाला तो पगार तसाही झेपत नाही. बढतीनंतरची चूक ठरलेली : व्यवस्थापक खुशीत सगळ्यांचे करार वाढवतो आणि डिसेंबरात शिल्लक उणे होते.

२००१ मध्ये गोठलेल्या माहितीमुळे एक विसंगती मात्र खेळणाऱ्याच्या पथ्यावर पडते. प्रत्यक्षात आयटीव्ही डिजिटल ही दूरचित्रवाणी कंपनी मार्च २००२ मध्ये कोलमडली आणि तिने फुटबॉल लीगशी केलेल्या ३१.५ कोटी पौंडांच्या तीन वर्षांच्या करारातला मोठा भाग बुडाला. खालचे क्लब त्यात भरडले गेले. खेळाला याचा पत्ता नाही. तसेच त्यात इंग्लंडमध्ये बदल्यांची खिडकी (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा ठरावीक काळ) नाही, मार्चची अंतिम मुदत आहे. हंगामाच्या मध्यात मोडलेला संघ त्यामुळे सावरता येतो.

बढती : कॉन्फरन्समधून फक्त विजेता वर जातो. २००१-०२ च्या खऱ्या हंगामात बॉस्टन युनायटेड आणि डॅगनम अँड रेडब्रिज यांचे ४२ सामन्यांत प्रत्येकी ८४ गुण झाले व बॉस्टन गोलफरकावर वर गेला. सामन्यामागे बरोबर दोन गुण, एवढेच गणित डावातही डोळ्यांपुढे ठेवावे आणि २-० झाल्यावर फळी आखडून घेऊ नये. तिसऱ्या विभागातून पहिले तीन संघ थेट जातात, चौथा ते सातवा उरलेल्या एका जागेसाठी प्लेऑफ (बाद सामने) खेळतात. तळाचा एकच संघ घसरतो. पहिल्या पायरीपेक्षा ही दुसरी पायरी सोपी, हे अनेकांना उलटे वाटते.

मैदानावरची मांडणी : सुरुवात ४-४-२ ने करावी. या पातळीवरचे बहुतेक खेळाडू सरळ जागांवरचेच असतात आणि परक्या जागी घातलेला गडी सामन्यागणिक गुण खातो. चेंडू आपल्याकडे असताना व नसताना प्रत्येकाने कुठे उभे राहावे हे मैदानाच्या बारा चौकटींत वेगवेगळे ठरवता येते. या सोयीचा अतिरेक झाला की मध्यफळीत भगदाड पडते. बाजूच्या बचावपटूंना पुढे धावण्याची सूचना देणारा बाण लावण्याआधी त्यांचा दम पाहावा. दम ९-१० असलेला बचावपटू सत्तराव्या मिनिटाला थकतो आणि शेवटच्या वीस मिनिटांतले गोल त्याच्याच बाजूने होतात. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात सामने दाटीने येतात. तंदुरुस्ती ९० टक्क्यांखाली असलेल्याला तेव्हा बाहेर बसवावे.

उत्तरार्ध : दहा-बारा हंगामांनंतर मूळ खेळाडू निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी खेळाने घडवलेले नवे येतात. पाठ असलेली नावे येथून निरुपयोगी ठरतात.

तांत्रिक बिघाड : खेळ ८०० गुणिले ६०० च्या पूर्ण पडद्यावर चालतो. नव्या विंडोजवर तो उघडताच बंद पडला तर अनुरूपता (कंपॅटिबिलिटी) पर्यायांत विंडोज एक्सपी व १६-बिट रंग निवडून प्रशासक म्हणून चालवावा. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवू नये, तेथे लिहिण्यास विंडोज आडकाठी करते, नोंद दुसऱ्याच फोल्डरात जाते आणि डाव हरवल्यासारखा वाटतो. सी ड्राइव्हवर थेट स्वतंत्र फोल्डर करावे. नोंद लिहिली जात असताना खेळ बंद पडला तर ती फाइल पुन्हा उघडत नाही, म्हणून तीन नावांनी आळीपाळीने नोंद ठेवावी आणि हंगाम संपला की एक प्रत फोल्डराबाहेर काढून ठेवावी.